सही नाकारणारा शिक्का

मित्रांनो, शिसवी मुठीचा मी एक जुना शिक्का. राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर मी चाळीस वर्षं काढली. माझ्या तळाला रबरी अक्षरं आहेत, ‘सही नाही. फेरविचारासाठी परत.’ सभागृहाने मंजूर केलेलं विधेयक राष्ट्राध्यक्षांच्या सहीनंतर कायदा होतं. त्यांना ते पटलं नाही, तर ते परत पाठवता येतं. या हक्काला नकाराधिकार म्हणतात.

माझे पहिले मालक तापट होते. विरोधकांनी मांडलेलं शाळांचं विधेयक त्यांनी न वाचताच माझ्याखाली दाबलं. सभागृहाने पुन्हा मतदान घेतलं. नव्वदपैकी साठ जण, म्हणजे दोन तृतीयांश सभासद, बाजूने असले की राष्ट्राध्यक्षांचा नकार रद्द होतो. त्या दिवशी एकाहत्तर हात वर झाले. कायदा त्यांच्या सहीशिवाय झाला आणि आमच्या साहेबांनी मला रागाने खणात टाकलं. मला मात्र माझं बळ किती ते नीट कळलं.

पुढे एक बाई राष्ट्राध्यक्ष झाल्या. पूर्वी त्या दवाखान्यात परिचारिका होत्या. त्यांच्याच पक्षाने नव्या पुलाचं विधेयक मंजूर केलं. सभागृहनेते स्वतः कागद घेऊन आले.

“ताई, आपल्याच माणसांचं काम आहे. सही करून टाका.”

“कलम सात वाचलंत?”

“ओझरतं.”

“पूल सुरू होईल त्या दिवसापासून नदीवरच्या सगळ्या नावा बंद. पूल आहे वरच्या टोकाला. खालच्या काठावर एखादीला कळा सुरू झाल्या, तर आज ती दहा मिनिटांत नावेने पलीकडच्या दवाखान्यात पोचते. उद्या सव्वा तास लागेल.”

“आपलेच लोक तुमच्यावर उलटतील, ताई.”

“उलटू देत. बाळंतीण वाट बघत थांबत नाही.”

त्यांनी मला शाईच्या गादीवर टेकवलं आणि शांतपणे कागदावर दाबलं. खाली स्वतःच्या हाताने कारण लिहिलं, पूल हवाच, पण खालची नाव बंद करू नये.

सभागृहात गदारोळ झाला. “नव्वद डोक्यांपेक्षा एक डोकं शहाणं का?” असं कोणीतरी विचारलं. मग सभापतींनी बाईंचं कारण मोठ्याने वाचून दाखवलं. सभासद कलम सात पुन्हा उघडून वाचू लागले. मतदानात नकार रद्द करायला चोपन्नच हात वर झाले. सहा कमी पडले. शेवटी सभागृहनेत्यांनीच कलम सात दुरुस्त केलं. नवा कागद आला तेव्हा बाईंनी मला बाजूला सरकवलं आणि पेन उचललं. पुलाचं उद्घाटन झालं, खालची नावही चालू राहिली.

नंतरच्या काहींनी मला हातच लावला नाही. समोर येईल त्यावर सही. माझी शाई वाळली, अक्षरांना भेगा पडल्या. आता हे काम संगणकावर होतं आणि मी संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात असतो. परवा शाळेची सहल आली. एका मुलीने रखवालदाराला विचारलं, “काका, हा मारला की विषय संपला?”

“नाही गं पोरी,” तो म्हणाला, “मारला की सगळ्यांना पुन्हा बोलायला बसावं लागतं.”

मित्रांनो, नाही म्हणायला भिऊ नका. पण म्हणण्याआधी पूर्ण वाचा, आणि खाली कारण लिहा.