भिंतींची सूज

माझ्या डोक्यातली गाठ काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधल्या खोलीच्या भिंती सुजल्या. मी बोट दाबून पाहिलं. खळगा पडला आणि सावकाश भरून आला.

डॉक्टर माझ्याकडे न बघता भिंत चाचपत होते.

"गाठ साधीच होती, कॅन्सर नाही," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "पूर्ण निघाली. ही आता नुसती सूज. बाहेरून इमारत दगडी आहे, तिकडे पसरायला जागा नाही. म्हणून आत येते."

"उतरेल ना?" श्रीपालनी विचारलं.

"औषध चालू करतो."

नर्सने सलाईनची सुई भिंतीत टोचली. दुपारपर्यंत भिंती जराशा ओसरल्या. श्रीपालनी पेढे आणून खिडकीत ठेवले आणि आपल्या बहिणीला फोन लावला. "प्रभा जेवली," ते म्हणाले. मी जेवले नव्हते. पण त्यांचा आवाज इतका मोकळा झाला होता, की मीही मान डोलावली.

संध्याकाळी खिडकी गेली, पेढ्यांसकट. मग औषधांचं टेबल, मग खुर्ची. वस्तू भिंतीत गेली की तिचं नाव मला सापडेनासं होई.

"पाणी हवंय का?" श्रीपालनी विचारलं.

"तुम्ही ज्याच्यावर बसला होतात, त्याला काय म्हणतात?"

"खुर्ची."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते उठून डॉक्टरांना बोलवायला धावले.

डॉक्टर दारातूनच म्हणाले, "छत काढावं लागेल. सुजेला वर जायला वाट हवी."

"आणि काढलेलं छत?" श्रीपालनी त्यांच्यामागून विचारलं.

"जपून ठेवू. सूज उतरली की परत बसवू."

"काढा," श्रीपाल म्हणाले. तोवर पलंगाच्या दोन्ही बाजूंना भिंती टेकल्या होत्या. श्रीपालना आत येता येईना. दाराची फट उरली होती, तिच्यातून त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला. मी तो घट्ट धरला. फट मिटत आली.

"अहो, हात काढून घ्या."

"तू आधी सोड, प्रभा."

मला सोडायचंच होतं. पण सोडणं म्हणजे नेमकं काय करायचं असतं, ते आठवेना.

"प्रभा, सोड!"

वर छतावर पहारीचा पहिला घाव बसला. माझ्या मुठीतली त्यांची बोटं थंड पडत चालली होती.