माप ओलांडलेली फियाट

खंडेनवमीच्या सकाळी विश्वासराव इंगवल्यांच्या फियाटनं उजव्या चाकानं माप ओलांडलं आणि ती घरात आली.

चूक सुनेत्राबाईंची होती. नैवेद्याच्या तांदळांचं भरलेलं माप हातात होतं, निरांजन आत राहिलं होतं, म्हणून त्यांनी माप क्षणभर उंबऱ्यावर टेकवलं. समोर अंगणात गाडी हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून उभी. अशा वेळी उंबऱ्यावर माप ठेवू नये हे शाळकरी पोरीलाही कळतं. गाडी सावकाश पुढं आली, चाकानं माप लवंडलं, तांदूळ आत सांडले आणि त्यांच्यावरून ती सोप्यात येऊन थांबली. दारापेक्षा ती रुंद होती. पण नव्या नवरीला दार कमी पडल्याचं आजवर कोल्हापुरात कुणी ऐकलेलं नाही.

"आता ओ?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"आता काय," विश्वासराव म्हणाले. "माप ओलांडून आलेलीला कोण परत पाठवतंय?"

आणि चपला बाहेर काढून, गाडीला धोतर लागू न देता, ते कडेनं आत गेले.

ही फियाट बासष्ट सालची, विश्वासरावांच्या वडिलांनी घेतलेली. रंग मूळचा, काचा मूळच्या, दाराच्या मुठी मूळच्या. येईल त्या पाहुण्याला विश्वासराव हे सांगत आणि पाहुण्याचा चहा निवत असे. पण आता त्यांचा खांदा धरायचा, जड स्टेअरिंग फिरेना. उद्यमनगरातले बाबालाल मिस्त्री म्हणत होते, नवं इंजिन टाकू, पॉवर स्टेअरिंग बसवू, एसी लावू. पुण्याचे दफ्तरदार म्हणून कुणी जुन्या गाड्या जमवणारे होते, त्यांना ती विकत हवी होती, पण कुणी हात न लावलेली. बदलावी की विकावी, यावर विश्वासरावांनी उन्हाळा घालवला, पावसाळा घालवला, आणि ठरलं काहीच नव्हतं.

सुनेत्राबाईंचं मात्र ठरलेलं होतं. गाडी बदलायची. आडपडदा कशाला ठेवायचा, त्यांना गाडीचा हेवा वाटायचा, आणि तो चांगला मुरलेला होता. त्यांचे दात कवळीचे होते. दोन्ही गुडघे नवे घातलेले होते. केस मेंदीचे होते. आणि नाव तर पहिल्याच दिवशी गेलेलं. मांडवात ताटातल्या तांदळांवर विश्वासरावांनी अंगठीनं 'सुनेत्रा' लिहिलं आणि हौसा नावाची मुलगी तिथंच संपली. जोतिबाच्या जत्रेत गोंदवून घेतलेलं ते नाव मनगटाच्या वर अजून होतं, पण बांगड्यांखाली. आई गेल्यापासून त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली नव्हती.

गाडी विकली, तर ती जाताना होती तशीच्या तशी यांच्या मनात राहणार, हे त्या पुरतं ओळखून होत्या. बदलली, तर माझ्यासारखी होईल. मग बघू कोण तिचं कौतुक करतं.

गाडी सोप्यातून माजघरात आली, माजघरातून स्वयंपाकघरात. ती पुढं सरकली की घर तेवढं आखडायचं. भिंती जवळ आल्या, फडताळ बोनेटला टेकलं. सुनेत्राबाई कडेनं अंग चोरून चुलीपर्यंत पोचायच्या. विश्वासराव मागच्या सीटवर बसून जेवायचे आणि जेवण झालं की पिवळं फडकं घेऊन तिचं अंग पुसायचे. पुसताना हळू आवाजात काहीतरी बोलायचे. सुनेत्राबाई भाकरी थापत कान देऊन ऐकायच्या. एवढ्या वर्षांत आपल्याशी हा माणूस एवढं बोललेला नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागायचं.

शेवटी त्यांनी स्वतःच बाबालाल मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी पाना लावून पाहिला. पाना नटावरून गरगर फिरला, नट जागचा हलला नाही.

"वैनी, ही माप वलांडून आल्याली हाय," मिस्त्री पाना पुसत म्हणाले. "आधी नाव बदलाय लागतंय. नाव बदललं की बाकीचं आपसूक बदलतंय. तुमास्नी म्या काय सांगावं?"

विश्वासराव फडकं पिळत होते. "तिचं नाव बदलायचं नाही," ते म्हणाले. "आहे ते तिला शोभतं."

"माझं बदललासा की."

"तुझं बदलण्यासारखं होतं."

सुनेत्राबाईंनी मिस्त्रींना चहा दिला आणि फाटकापर्यंत पोचवलं.

विश्वासराव अंघोळीला जाताना अंगठी काढून खिडकीत ठेवत. दुसऱ्या दिवशी पाण्याचा आवाज सुरू झाल्याबरोबर सुनेत्राबाईंनी ताटात तांदूळ पसरले, ताट बोनेटवर ठेवलं आणि अंगठी हातात घेतली. नाव काय द्यायचं, याचा विचार त्यांनी केलेला नव्हता. देण्यासारखं त्यांच्याजवळ एकच नाव होतं, तेही यांनीच दिलेलं. त्यांनी तांदळांवर लिहिलं, सुनेत्रा.

न्हाणीघरातून हाक आली, "सुनेत्रा, टॉवेल."

गाडी टॉवेल घेऊन गेली. बाई जागच्या हलल्या नाहीत, कारण हाक त्यांना नव्हती.

मग मिस्त्री म्हणाले होते तसंच झालं. गाडीची पुढची जाळी कवळीसारखी एकसारखी पांढरी झाली. पुढची दोन्ही चाकं वळताना नव्या गुडघ्यांसारखी कटकट वाजायला लागली. टपाला मेंदीचा रंग चढला. स्टेअरिंग एका बोटानं फिरायला लागलं. विश्वासरावांनी एकदा फिरवून पाहिलं, मान हलवली आणि त्यानंतर तिच्याकडे पाहायचंच सोडलं. "चहा ठेव," ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, आणि ती ठेवायची. पिवळं फडकं खुंटीवर वाळून कडक झालं.

हौसाबाईंना एवढा आनंद फार वर्षांत झाला नव्हता. घरात आता त्यांना जागा नव्हती, म्हणून त्या अंगणातल्या रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्या. तिथं गारवा होता. एका दुपारी त्यांनी कवळी काढली, तर खाली आपलेच दात. पुढच्या दातांमधली फटसुद्धा होती तशीच. त्या मांडी घालून बसल्या, गुडघ्यांनी हूं की चूं केलं नाही. विश्वासराव शेडवरून जायचे, यायचे, पण आत बघायचे नाहीत. बघतील, त्या म्हणायच्या. कधीतरी बघतीलच.

पुण्याचे दफ्तरदार आले ते चहाच्या वेळेला. विकून टाकायचं, असं आता विश्वासरावांनी ठरवलं होतं. त्यांनी गाडी अंगणात घेतली. दफ्तरदारांनी खिशातून लोहचुंबक काढून तिच्या दाराला लावलं. ते घसरून खाली पडलं. टपाला लावलं, तिथंही टिकलं नाही.

"पत्रा नाहीच, सगळी पुट्टी भरलेली आहे," दफ्तरदार म्हणाले. "नावसुद्धा नंतरचं दिसतंय. मला बदललेली नको होती, इंगवले."

लोहचुंबक घरंगळत शेडमध्ये गेलं होतं. हौसाबाईंनी ते उचलून द्यायला हात पुढं केला. ते बोटांतून सुटलं, बांगड्या मागं सारत वर गेलं आणि गोंदणावर घट्ट बसलं. दफ्तरदारांनी ओढून पाहिलं. ते निघेना. त्यांनी चष्मा लावला, वाकले आणि हिरवी अक्षरं वाचली.

"ही मूळची आहे," ते म्हणाले. "कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

विश्वासराव जवळ आले. ते तिच्याकडे बघत होते. जिच्यासाठी तिनं गाडीचा जन्मभर हेवा केला, ती ही नजर. ते आत गेले, पिवळं फडकं भिजवून, पिळून घेऊन आले आणि तिचा हात हातात घेऊन कोपरापासून मनगटापर्यंत पुसू लागले, सावकाश, हळू आवाजात काहीतरी बोलत. हौसानं डोळे मिटले.

मग फडकं थांबलं. हात न सोडता विश्वासराव दफ्तरदारांकडे वळले.

"बोला," ते म्हणाले.