पैलवानानं न हलवलेला हात

दर गुरुवारी मंगळवार पेठेतल्या दोरेबुवांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. आत पाटावर दोन ताटं. समोर कुंकवाचं, उजवीकडं बुक्क्याचं. विचारणाऱ्यानंच दोऱ्याला बांधलेला रुद्राक्ष धरायचा. तो कुंकवाकडं झुलला की होकार, बुक्क्याकडं झुलला की नकार.

"मी काय सांगत न्हाय, पावणं," बुवा म्हणायचे. "दोऱ्याला आई न्हाय, बाप न्हाय. त्यो कुणाची भीड ठेवनार?"

त्यात संग्राम पैलवानानं दोरा धरला आणि बुवांचं नशीब फळफळलं. संग्राम आमच्या शेजारच्या अंबूबाईचा मुलगा. त्याला फिट यायच्या. गोळ्यांनी फिट थांबल्या, पण अंगावर झापड यायची आणि कुस्त्या हातच्या जायच्या. गोळ्या सोडू का, असं त्यानं विचारलं. रुद्राक्ष सरळ कुंकवाकडं झुलला.

"अंबाबाई देवीची आन, ह्यो हात म्या हलवला न्हाय," संग्राम म्हणाला. पेठेला पटलं. पैलवानाचा हात त्याच्या मर्जीशिवाय हलेल कसा?

गोळ्या सुटल्या. पंधराव्या दिवशी तो तालमीच्या हौद्यात कोसळला, तोंडात फेस आणि तांबडी माती. तरी संग्राम म्हणे, देव परीक्षा बघतोय. अंबूबाई त्याच्या गोळ्यांची पुडी घेऊन माझ्या शिलाई मशीनपाशी आली.

खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. माझ्या हयातीतले हे चौथे बुवा. पण ब्लाउज गुंडाळायला आणलेल्या रद्दीत मी या दोऱ्याबद्दल वाचलं होतं. उठले.

पुढच्या गुरुवारी सगळ्यांदेखत म्हटलं, संग्रामचे डोळे बांधून कौल घेऊ, म्हणजे कुणाला शंका नको. बुवा काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "बांधा की."

डोळे बांधल्यावर मी ताटांची गुपचूप अदलाबदल केली. बुवांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ताट फिरलंय हे देवाला सांगावं लागलं, तर तो देव कसला?

त्याच प्रश्नावर रुद्राक्ष पुन्हा समोरच झुलला. आता समोर बुक्का होता. मी ताटं परत जागेवर ठेवली. रुद्राक्ष समोरच. देवाचं मत दोन मिनिटांत दोनदा फिरलं होतं, संग्रामचं एकदाही नाही.

पट्टी सोडल्यावर ताटं कशी फिरवली ते मी त्याला सांगितलं. बुवा म्हणाले, आज अमावास्या हाय. चारपाच जण तरीही पाया पडले. पडोत.

घरी येऊन संग्रामनं विचारलं, "मंजी मी खोटं बोललो, काकू?"

"नाही रे. तुला गोळ्या नको होत्या. मेंदूनं ते ऐकलं आणि बोटांना बारीक हुकूम सोडला, तुला न कळवता."

"मग माझं काय चालतंय?"

यावर मोठमोठे शास्त्रज्ञ भांडतायत, मी तर शिलाईवाली. म्हटलं, "आपल्या आधी मेंदू हलतो, हे कळलं की थांबून विचार तरी करता येतो."

तुम्हीही घरी दोऱ्याला बटण बांधून बघा. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. आणि काहीही हललं, तरी औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका.

संग्राम गोळी तळव्यावर घेऊन बराच वेळ बसला. अंबूबाई पाण्याचा तांब्या धरून उभी. शेवटी त्यानं गोळी तोंडात टाकली.

"ह्यो हात मातुर म्याच हलवला," म्हणाला.