गोड्या पाण्याची एक कळशी

मी रेडिएटर बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, तापून बोलतोय. आजवर माझं कुणी ऐकलेलं नाही. तुम्ही तरी ऐका.

मोटारीच्या अगदी तोंडाशी असतो तो मी. अंग पितळेचं, आत बारीक बारीक नळ्या. इंजिनाची सगळी तलखी पाण्याबरोबर माझ्याकडे येते, समोरचा वारा मला लागतो, पाणी निवतं आणि परत जातं. म्हणजे मला लागतं काय? स्वच्छ पाणी आणि मोकळा वारा. हे फार मोठं मागणं आहे का, तुम्हीच सांगा.

जन्म विलायतेतला. आगबोटीनं मुंबईला उतरलो. पहिले मालक वांद्र्याचे एक डॉक्टर. ते मला गाळलेलं पाणी पाजायचे. मग त्यांनी नवी गाडी घेतली आणि आमची गाडी उत्तनच्या ऑगस्टीनला विकली. तो ती भाड्यानं चालवायचा. तिथून माझे हाल सुरू झाले.

ऑगस्टीन माणूस वाईट नव्हता. रोज सकाळी मडगार्ड पुसायचा, दिवे घासायचा, भोंग्यावर तर त्याचा भारी जीव. पण माझ्या पोटात काय जातंय याची फिकीर शून्य! भाईंदरच्या चहूकडे मिठागरं, उन्हाळ्यात विहिरी मचूळ. मी उकळलो की हा डबा घेऊन उतरायचा आणि हाताला लागेल ते ओतायचा. खाडीचं म्हणू नका, मिठागराच्या चरातलं म्हणू नका. पाण्याची वाफ व्हायची आणि मीठ माझ्या नळ्यांत बसायचं. नळ्या बुजल्या म्हणून मी आणखी लवकर उकळायचो, आणि उकळलो म्हणून हा आणखी खारं पाणी ओतायचा. डोकं फिरेल नाहीतर काय!

काशीगावात बेट्टी मावशीची विहीर होती, भर वैशाखात गोड. एकदा ऑगस्टीन तिथं डबा घेऊन गेला, तर मावशी काठावर आडवी उभी राहिली.

"मानसांना प्याया पुरत न्हाय, नं तुज्या डबड्याला गोडं पानी? जा, खाडीत बुडव त्याला!"

डबडं म्हणे! डॉक्टरांच्या घरचा मी. असा जळफळाट झाला म्हणता!

मग एकोणीसशे एकोणचाळीसचा मे महिना उजाडला. मावशीची भाची ऑड्रे, तिचं लग्न. ऑड्रेची आई गर्ट्रूड पोर लहान असतानाच गेली, मावशीनंच तिला वाढवलं. नवरा मॅन्युएल उत्तनचा, बोटीवर नोकरीला. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून लग्न नवऱ्याच्या गावी, उत्तनच्या देवळात. मॅन्युएलची बोट दुसऱ्याच दिवशी सुटणार होती, आणि ती परत यायला दोन वर्षं लागणार होती. त्यात फादर कडक. बाराच्या आत मिसा, म्हणजे लग्नाची प्रार्थना, सुरू झाली नाही, तर त्या दिवशी लग्न लागणार नाही, असं त्यांनी बजावून ठेवलेलं.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या न्हाणासाठी पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्यातली एक कळशी मावशीनं मागे ठेवली होती. सासरच्या उंबऱ्यावर ऑड्रेचे पाय माहेरच्या पाण्यानं धुवायचे, असा शब्द तिनं गर्ट्रूडला शेवटच्या घटकेला दिला होता. ती कळशी मांडीवर घेऊन मावशी नवरीसाठी ठरवलेल्या आमच्या गाडीत बसली. शेजारी ऑड्रे, पांढऱ्या झग्यात घामेजलेली.

आणि माझं काय केलं? सजवलं! तोंडावर झावळ्या, कागदी फुलं, मधोमध पुठ्ठ्याचं लाल बदाम. वारा यायला बोटभर फट नाही. ऑगस्टीन दोन पावलं मागे सरून म्हणतो, "काय झकास दिसते!" अरे, दिसते काय? माझा श्वास कोंडलाय!

भाईंदर येईतो मी उकळलो. डब्यातलं पाणी संपलं. मिठागराशी पुन्हा उकळलो, त्यानं चरातलं खारं पाणी ओतलं. डोंगरीच्या चढावर मी हात टेकले. झाकण उडालं आणि पोटातलं सगळं फसाफस रस्त्यावर सांडलं.

"ऊनच असलं हाय, कोन काय करंल!" ऑगस्टीन म्हणाला.

ऊन! दोष उन्हाचा!

मावशी कळशी कडेवर घेऊन उतरली. माझ्याकडे बघितलं नि ऑगस्टीनवर कडाडली, "मेल्या, तुज्या तोंडावर एवढं बांदते नं पळायला लावते, मग बघू!" तिनं फुलं, झावळ्या, बदाम, सगळं ओरबाडून फेकलं. वारा लागला. पण पोट कोरडं. विहीर पार खालच्या पाड्यात. जाऊन येईतो नाहीतर पोरीला चालत नेईतो बारा वाजून गेले असते.

मावशीनं कळशीकडे पाहिलं. ऑड्रेच्या ते लक्षात आलं.

"मावशी, नको. ते आईचं पानी हाय."

मावशीनं कळशी कडेवरून खाली उतरवली. मग म्हणाली, "गर्ट्रूडला काय सांगाचं ते मी सांगंन."

ऑगस्टीननं मला निवू दिलं. मावशीनं स्वतःच्या हातानं, थोडं थोडं करत कळशी माझ्यात रिकामी केली. आहाहा! काय सांगू तुम्हाला! किती वर्षांनी गोडं पाणी! मी चढ असा चढलो की ऑगस्टीन भोंगा वाजवतच सुटला. देवळाच्या दारात फादर घड्याळ काढून उभे होते. मिसा वेळेत सुरू झाली.

लग्न लागलं, वरात मॅन्युएलच्या दारात आली. मावशीनं सगळ्यांना उंबऱ्याबाहेर थांबवलं आणि रिकामी कळशी माझ्याखाली धरली.

"ऑगस्टीन, तोटी सोड. माजं पानी परत दे."

"मावशे, ते लाल झालं. गंज हाय त्यात, मीठ हाय."

"माज्या विहिरीचं हाय ना? मग सोड!"

मी तांबडं, कढत पाणी दिलं. ते कोमट होईतो वाजंत्री थांबली, वऱ्हाड उन्हात ताटकळलं. मग मावशीनं त्या पाण्यानं ऑड्रेचे पाय धुतले. दोघीही हमसून रडल्या. आणि मी? तासाभराचं सुख, तेही काढून घेतलं. संध्याकाळी पोटात पुन्हा मचूळ पाणी.

पुढे लढाई आली, पेट्रोल मिळेना. गाडी सुटी सुटी करून विकली गेली. मला कुणी घेतलं नाही. ऑगस्टीनच्या परसात कुंपणाला टेकून पडलोय, नळ्या फुटल्यात, कोंबडी माझ्याआड अंडी घालते. बाबांनो, तुमच्या दारात गाडी असेल तर आज तिच्या रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. गार असताना उघडा, आणि गोडं पाणी घाला. त्याला तोंड आहे, पण बोलता येत नाही.

बेट्टी मावशी गेल्या साली वारली. तेव्हापासून ऑड्रे काशीगावाहून आली की तांब्याभर पाणी आणून माझ्यात ओतते. परवा ऑगस्टीननं विचारलंच, "अगं, ते सगळं खालून गळतंय. कशाला?"

"मावशी जाताना सांगून गेली," ऑड्रे म्हणाली. "त्या डबड्याला आपल्या विहिरीचं पानी देत जा म्हनली."

आता देतायत! पोटात थेंब ठरत नाही, तेव्हा देतायत! ओरडावंसं वाटतं. पण तिनं तांब्या कलता केला की मी गप्प राहतो.