चार बोटं कमी

सोमवारी सकाळी विजेदास उठला तो आंबलेलं अंग घेऊनच. बेकरीतून पाव, बनिस म्हणजे गोड बन आणि माशाचं सारण भरलेले बन रिक्षाच्या काचेच्या कपाटात रचताना त्याने दोनदा थांबून कंबर दाबली. एरवी रविवारचा सामना पाहून सोमवारी तो जरा जास्तच उत्साहात असे. आज त्याला भोंग्यावरची ती रोजची धूनसुद्धा नकोशी झाली होती. पण धून वाजल्याशिवाय बायका दार उघडत नाहीत, म्हणून ती लावली आणि वेल्लगोडच्या पहिल्या गल्लीत तो शिरला.

काल जिल्ह्याच्या पन्नास षटकांच्या अंतिम सामन्यात वेल्लगोड एका धावेने हरलं होतं. अडतीस वर्षं विजेदास या संघाच्या मागे फिरत होता. या काळात संघ चार वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि चारही वेळा हरला. आधीचे तीन पराभव मोठे होते. दुपारीच निकाल कळायचा, माणूस घरी येऊन जेवून झोपायचा. हा एका धावेचा मात्र हाडात शिरला होता.

सीलवतीअक्का फाटकातच उभी होती. तिने दोन पाव घेतले आणि विचारलं, "त्या तेन्नकोनच्या घरी जाणारेस का रे आज?"

"रोज जातो, अक्का."

"आज जाऊ नकोस. गावातलं कुणी त्याच्याशी बोलणार नाही असं ठरलंय. आपल्याच गावचा माणूस आणि आपलाच गळा कापला त्याने."

तेन्नकोन सर म्हणजे गावच्या शाळेतले निवृत्त मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गणित शिकवलं होतं आणि वीस वर्षं ते पंचगिरी करत होते. काल शेवटून तिसऱ्या षटकात कप्तान सचिंतने दोन धावा पळून काढल्या. सर स्क्वेअर लेगला होते. त्यांनी हात वाकवून बोटं खांद्याला टेकवली. एक धाव अपुरी. पहिली धाव पुरी करताना सचिंतची बॅट रेषेला लागलीच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण शेवटच्या चेंडूवर दोन हव्या होत्या आणि एकच निघाली. समोरचा संघ सगळा बाद झालेला, आपले आठच गडी गेलेले. धावा सारख्या झाल्या असत्या तर नियमाने चषक आपलाच होता. मग सगळ्यांना ती एक धाव आठवली.

आपल्या गोलंदाजांनी टाकलेले अकरा वाइड कुणालाच आठवले नाहीत. सुटलेले दोन सोपे झेलही नाहीत.

आणि विजेदासची खरी अडचण वेगळीच होती. काल त्याने रिक्षा सीमारेषेबाहेर, बरोबर क्रीजच्या रेषेत लावली होती. सचिंत वळला तेव्हा बॅटचं टोक आणि पांढरी रेघ यांच्यामधली माती त्याने डोळ्यांनी पाहिली होती. सामना संपल्यावर लोक सरांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा तो कपाटाच्या काचा पुसत उभा राहिला.

नारळाच्या बागेपाशी रस्ता फुटतो. डावीकडे सरांची गल्ली. विजेदासने भोंगा बंद केला, क्षणभर थांबला आणि डावीकडे वळला.

फाटकावर कुणीतरी शेण फासलं होतं. सर बादली घेऊन ते धूत होते. काल मैदानात ताठ उभा असलेला माणूस एका रात्रीत वाकल्यासारखा दिसत होता.

"तू आलास होय," सर म्हणाले. "आज पाव मिळेलसं वाटलं नव्हतं."

विजेदासने पाव काढून त्यांच्या हातात दिला. सर तो तसाच धरून उभे राहिले.

"विजे, तू तिथेच होतास. एक विचारू? खरं सांग. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आलाय. रात्रभर तेच डोक्यात. मला चुकीचं तर दिसलं नाही ना? माझ्यामुळे पोरांचा चषक तर गेला नाही?"

"नाही, सर. चार बोटं कमी होती. मी पाहिलं."

सर पायरीवर बसले. बराच वेळ ते पावाच्या कागदाची घडी उलगडत आणि घालत राहिले.

"मग काल का बोलला नाहीस?"

"दमलो होतो, सर," तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. पण आपण म्हणालो ते किती हलकं आहे हे त्याचं त्यालाच जाणवलं.

तिथून तो सरळ नाक्यावरच्या चहाच्या दुकानी गेला. कालचे सगळे तिथेच होते. सचिंतही कोपऱ्यात पेला धरून बसला होता. विजेदासने रिक्षातून न उतरताच सांगितलं, "सरांचं बरोबर होतं. बॅट रेषेला लागली नव्हती. मी समोरच होतो."

मग दुकानदार करुणासेन म्हणाला, "मामा, तुझा चष्मा बदल."

"चष्मा कशाला? मास्तरांनी याच्या पोराला फुकट शिकवलं होतं ना, ते फेडतोय," दुसरा म्हणाला.

"मामा, एवढं सांग, तू आपला की त्यांचा?" तिसऱ्याने विचारलं.

"अडतीस वर्षं उन्हात तुमच्यासाठी बसलोय," विजेदास म्हणाला. "आता हे पण सिद्ध करायचं का?"

सचिंत पेल्यात बघत राहिला. विजेदासनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी नाक्याच्या गल्लीत एकही दार उघडलं नाही. दुपारी तो घरी परतला तेव्हा निम्मं कपाट तसंच भरलेलं होतं. बायकोने, कुसुमावतीने, कोंबड्यांना बनिस कुस्करून घातले.

संध्याकाळच्या फेरीत पुलाजवळ सचिंतची मोटारसायकल आडवी आली. त्याने चार पाव मागितले.

"घरी दोनच तर माणसं तुम्ही."

"असू दे, मामा." पाव हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. "वळतानाच मला कळलं होतं, बॅट हवेत राहिलीय. वाटलं, सरांना दिसणार नाही. लोक त्यांच्या अंगावर गेले तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडच उघडलं नाही माझं."

"माझं तरी कुठे उघडलं?" विजेदास म्हणाला. "मला सांगून काय उपयोग, बाळा. त्यांच्याकडे जा."

सचिंत मान हलवून निघून गेला. कुठल्या दिशेने गेला हे पाहण्याइतकंही त्राण विजेदासमध्ये उरलं नव्हतं.

गुरुवारी सरांच्या फाटकापाशी त्यांची बायको पाव घ्यायला आली. "काल सचिंत आला होता," ती म्हणाली. "तासभर बसला. माफी वगैरे काही मागितली नाही हं. दोघं नुसते पडवीत बसून होते. जाताना यांच्या पाया पडला. मग हे जेवले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा झोपले."

नाक्यावर अजून दोन दारं बंदच होती. करुणासेनने मात्र दुकानासाठी पाव घेतले, तेही तोंड वाकडं करून. सचिंतने तिथे काही सांगितलं होतं की नाही, हे विजेदासने विचारलं नाही.

त्या रात्री जेवताना कुसुमावतीने विचारलं, "पुढच्या हंगामात जाणार का मग?"

विजेदासने भातावर पोल संबोल, ओल्या नारळाची तिखट चटणी, घेतलं. सुटलेल्या त्या दोन झेलांपैकी दुसरा तर हातात येऊन पडला होता. त्याला सोमवारपासून तोच दिसत होता.

"झेल घ्यायला शिकले तर बघू," तो म्हणाला आणि जेवू लागला.