दहा गोळ्या, पाच दिवस

औषधांच्या दुकानात मी काउंटरवर असते. पोटाच्या संसर्गाची अँटिबायोटिक देताना प्रत्येकाला बजावते, "बरं वाटलं तरी कोर्स पुरा करा." लोक माना डोलावतात आणि तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करतात. पालथ्या घड्यावर पाणी! पण माझ्याच माहेरी हे व्हावं?

बाबांना आतड्यांचा संसर्ग झाला होता. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवसांच्या दहा गोळ्या. पाकीट मीच पोचवलं. रोज दुकानातून फोन करून विचारायचे, "गोळी घेतली?" बाबांचं ठरलेलं उत्तर, "घेतली गं बाई."

आठव्या दिवशी पुन्हा जुलाब, वर ताप. बाबा बाथरूमच्या दारातच मटकन खाली बसले. आता उतार पडला नाही तर भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी तडक माहेर गाठलं. "खरं सांगा, किती गोळ्या घेतल्या?"

"सगळ्या संपल्या की."

"संपल्या ते दिसतंय. तुम्ही किती घेतल्या?"

बाबा पांघरुणाची कड चाचपत राहिले. "पाच."

"आणि बाकीच्या काय कुंडीत पेरल्या?"

"त्यांना नको बोलूस," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली. चौकट धरून उभी होती, चेहरा पार उतरलेला. "मी घेतल्या. मलाही तेच होत होतं. सकाळची ते घ्यायचे, संध्याकाळची मी."

माझं डोकंच फिरलं. वाटून खायला ती काय भाजी होती? धड एकही बरं झालं नाही. "अगं, पोटची पोर औषधं विकते! मला सांगायला काय धाड भरली होती?"

"तू कुठे विचारलंस?"

"रोज फोन करत होते मी!"

"करायचीस ना. उचलायचे मीच. तू म्हणायचीस, बाबांना दे."

टोमणा असता तर मी परतवला असता. तो टोमणा नव्हता. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

दोघांना डॉक्टरांकडे नेलं. दोन चिठ्ठ्या, दोन पाकिटं. दोन्हींवर जाड पेनाने नावं घातली.

दुसऱ्या दिवशी दुकानातून फोन लावला. आईनेच उचलला. "थांब हं, बाबांना देते."

"नको. तू गोळी घेतलीस?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आत्ता घेतच होते," आई म्हणाली.