दुपारी दोनचा भाग

आमच्या सूनबाईंना ऐकून घ्यायची म्हणून सवय नाही. नोकरी तक्रार विभागात. दिवसभर फोनवर परक्यांची गाऱ्हाणी ऐकायची, आणि घरी सासूने तोंड उघडलं की मोबाइलमध्ये डोकं घालायचं.

दुपारी दोनला माझी मालिका असते. त्या वेळी साक्षात देव दारात आला तरी मी उठत नाही. रात्री सगळे जेवायला बसले की त्या दिवसाचा भाग मी सांगते. मुलगा मान खाली घालून जेवतो, तो बापावर गेलाय. सून मात्र हसायची. "आई, ती म्हातारी अजून मेली नाही का?" असं विचारायची. माझ्या तोंडावर!

पण गेले दोन महिने बाईसाहेब बदलल्या. मोबाइल पालथा ठेवून, हनुवटीला हात लावून ऐकायला लागल्या. "मग ती काय म्हणाली? शब्दन्‌शब्द सांगा ना." मी म्हटलं, चला, उशिरा का होईना, अक्कल आली. शिवाय माझं सांगणं हल्ली फार रंगतं, असं शेजारीणही म्हणते.

परवा दुपारी मला डुलकी लागली. जागी झाले तर भाग संपून साबणाची जाहिरात चालली होती. आता जेवताना सांगणार काय? दिलं ठोकून, "डॉक्टरने ते पत्र टराटरा फाडलं आणि खिडकीतून फेकून दिलं!"

"फाडलं कुठे? कपाटात चष्म्याच्या डबीखाली ठेवलं ना," सून बोलून गेली.

आधी वाटलं, डुलकी पकडली गेली. मग एकदम टाळकं चाललं. दोन वाजता ही ऑफिसात असते.

"तुला काय ठाऊक?"

"मोबाइलवर बघितलं."

"मोबाइलवर तो दुसऱ्या दिवशी येतो. माझी लेक तसाच बघते, आणि पुढचं सांगितलं की माझ्यावर खेकसते. मला शिकवू नकोस."

तिने पाण्याचा पेला हळूच खाली ठेवला. "आई, मला काढलं. दोन महिने झाले."

मुलाचा घास हातातच राहिला.

"दोन कंपन्या एक झाल्या. सोमवारी गेलो तर आमची टेबलं भिंतीशी एकावर एक रचलेली. दारावरच्या माणसाने गळ्यातली कार्डं काढून घेतली. मला नेमणारे साहेबसुद्धा माझ्यामागे रांगेत उभे होते."

माझ्या डोळ्यांपुढे तिचा डबा आला. सकाळी सहाला उठून रोज मी भरत होते तो.

"आणि डबा?" तोंडातून तेवढंच निघालं.

"नोकऱ्या लावून देणाऱ्या ऑफिसात बसून खाते. नाव पुकारेपर्यंत बसावं लागतं. तिथे भिंतीवर टीव्ही आहे, पण आवाज बंद असतो. चित्र तिथे बघते, बोलणं तुमच्याकडून ऐकते."

"मलाही नाही सांगितलंस?" मुलगा म्हणाला.

"तू आईंना सांगितलं असतंस."

"मग सांगू दे की! मी काय खाणार होते तुला?"

"तळमजल्यावरच्या ड्रायव्हरला काढलं, तेव्हा तुम्ही इथेच बसून म्हणालात, कामाच्या माणसाला कुणी काढतं का?"

म्हणाले होते. दोनदा. एकदा तर जिन्यात, त्याच्या आईला ऐकू जाईल असं.

या घरात भांडं सरकलं तरी मला कळतं, ही माझी ऐट. आणि दोन महिने ही पोर माझ्या नाकासमोरून, माझ्याच हातचा डबा घेऊन, नसलेल्या ऑफिसला जात होती. वर मी दारातून ओरडायचे, "साहेबांना सांग, माझ्या सुनेला फार राबवू नका!"

मी ताट पुढे सारलं.

"नीट ऐक. ड्रायव्हरबद्दल बोलले ते मी मागे घेत नाही. पण तुला काढणारे मूर्ख, आणि माझ्यापासून लपवणारी तू त्यांच्याहून मूर्ख. उद्यापासून डबा बंद. सकाळी नोकरी शोधायची आणि दीडला घरी येऊन माझ्या शेजारी गरम जेवायचं. टीव्हीचा आवाज मोठा ठेवू. मुलाखत असेल त्या दिवशी जा, तेवढा भाग मी सांगेन. माझा डोळा लागला तर कोपराने ढोसायचं. पण जेवताना मी पत्र फाडलं म्हटलं, तर ते फाडलं!"